कुंकू लावलेला पास

मोटारींची शर्यत पाहिली आहे का, असं कोणी विचारलं की माझी पंचाईत होते. शर्यत होती तिथे मी सकाळपासून दिवस मावळेपर्यंत हजर होतो. छातीवर बिल्ला होता, हातात पास टोचायचा चिमटा होता, कंडक्टरकडे असतो तसला. तरीही मी एकसुद्धा मोटार धावताना पाहिली नाही. दरवाजावरच्या माणसाचं तोंड येणाऱ्यांकडे असतं आणि पाठ तमाशाकडे. मागून आवाज यायचा, धूळ मानेवर बसायची आणि समोरच्या लोकांच्या माना डावीकडून उजवीकडे फिरायच्या. त्यावरून कळायचं की एक गेली.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी आदिलाबादला कचेरीत कारकून होतो. गाव माझं बेल्याच्या पलीकडे, पैनगंगेच्या अंगाला. गावात सगळे मराठी बोलणारे, कचेरीत सगळे तेलुगू. मला तेलुगू वाचता येत होतं, अर्ज खरडता येत होते, पण विनोद कळायला वेळ लागायचा. दुपारच्या चहाला कोणी काही बोललं की सगळे हसायचे आणि मी क्षणभर उशिरा हसायचो. ते त्यांच्याही लक्षात यायचं. पुढे पुढे मी चहा टेबलावरच मागवू लागलो.

खोली एका घराच्या मागच्या बाजूला होती. घरमालकीण भली बाई होती, सणाला वाटीभर काहीतरी आणून द्यायची, पण वाटी देऊन आणि वाटी घेऊन किती बोलणार? रविवार मला खायला उठायचा. मग मी कपडे करून बसस्टँडवर जायचो आणि बेल्याची बस लागते तिथल्या बाकावर बसायचो. जायचं कुठेच नसायचं. आमच्याकडची माणसं सामान चढवताना भांडायची, एकमेकांच्या लेकीसुनांची विचारपूस करायची, ते ऐकायचो. 'काऊन बे', 'कवा आलता' असं कानावर पडलं की बरं वाटायचं. बस सुटली की मी उठून खोलीवर यायचो. कोणी ओळखीचं भेटलं तर काम होतं म्हणून सांगायचो.

मग गावालाच का जात नव्हतो, असं कोणीही विचारेल. जात होतो, पण सणासुदीला, आणि तेही पाहुण्यासारखा. कारण बाबांचा माझ्याशी अबोला होता.

बाबा आमच्या पंचक्रोशीतले नामांकित धुरकरी. शंकरपटात बैलांची जोडी जिवाच्या आकांतानं धावते, तेव्हा मागच्या त्या एवढ्याशा गाडीवर जो माणूस उभा असतो, तो धुरकरी. तीस वर्षं ते पटात उतरले. माझी नोकरीची ऑर्डर आली ती ऐन माघात, पटाच्या आदल्या दिवशी. बाबांनी ठरवलं होतं की हा शेवटचा पट, यापुढे उतरायचं नाही. सुटायच्या जागी बैलांची वेसण धरायला त्यांना मी हवा होतो. ते एवढंच म्हणाले, "एक दिवस थांब." हजर व्हायला पंधरा दिवसांची मुदत होती, हे ऑर्डरीतच लिहिलेलं होतं. पण मला वाटलं, पहिल्याच दिवशी हजर झालं म्हणजे साहेबावर छाप पडेल. मी पहाटेच्या बसनं निघून गेलो. साहेब त्या दिवशी दौऱ्यावर होता. माझी हजेरी घ्यायलासुद्धा कोणी नव्हतं.

बाबांची जोडी त्या पटात पहिली आली की दुसरी, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. मीही विचारलं नाही. त्यानंतर बाबा माझ्याशी आईच्या मार्फत बोलू लागले. मी ताटावर समोर बसलेला असायचो आणि ते म्हणायचे, "त्याले सांग, भाजी घे म्हणा." आई सांगायची, "भाजी घे." मी आईला म्हणायचो, "नको म्हणावं." असं तीन वर्षं चाललं. सुरुवातीला मला त्याचं हसू यायचं. नंतर त्याचं ओझं वाटू लागलं.

अशात मोटारींच्या शर्यतीचं आलं. शहरातली मोटारवाली मंडळी होती. मोठ्या सडकेवरून येऊन ते आमच्या भागातल्या कच्च्या वाटेवर काही मैल वेगानं गाड्या हाकणार होते. वाट कापसाच्या वावरांमधून जाणारी. त्या दिवशी तिच्यावर बैलगाडी, सायकल, माणूस, काही चालणार नव्हतं. गर्दीचा बंदोबस्त कचेरीकडे आला, आणि वाट मराठी गावांतून जाते म्हणून बेल्याकडचा दरवाजा माझ्याकडे.

मोटारवाल्यांतर्फे बंदोबस्त बघणारा साहेब फौजेतून निवृत्त झालेला होता. गळ्यात दुर्बीण, बोलणं हिंदी. त्यानं आम्हाला वाटेवर नेऊन एक गोष्ट नीट समजावली. वळणाच्या बाहेरच्या अंगाला कोणी उभं राहता कामा नये, कारण घसरलेली गाडी बाहेरच फेकली जाते. बघायचं तर आतल्या अंगाला, उंचवट्यावर, दोरीच्या मागे. दोरीमागे माणसं मावतील तेवढेच पास. शहरातल्यांनी दुकानातून विकत घ्यायचे, आणि ज्यांच्या वावराला लागून वाट जाते त्या गावांना पिवळे पास फुकट. पास दाखवायचा, मी चिमट्यानं भोक पाडायचं, मग आत सोडायचं. प्रत्येक पासावर माझी सही. मी सगळ्या पासांवर दस्तखत केलं आणि गाववार नावांची यादी केली. इतकं मन लावून मी कचेरीचं दुसरं कुठलंच काम केलं नव्हतं.

पास वाटायला दवंडीवाला निघाला. पासावर सगळं तेलुगू आणि इंग्रजीत छापलेलं. त्यानं मला विचारलं, "बाबू, लोकायले काय सांगू?" मी घाईत होतो. म्हटलं, "सांग, कचेरीनं बोलावलं आहे. आवतन आहे म्हणावं."

एक पास मी वेगळा काढून ठेवला होता. त्यावरची सही जरा सावकाश केली. रविवारी बसस्टँडवर जाऊन बेल्याच्या कंडक्टरच्या हातात पाकीट दिलं आणि वडिलांना पोचवायला सांगितलं. आत चिठ्ठी घालावी असं फार मनात होतं. दोनदा कागद घेतला. पण तीन वर्षं न बोललेल्या माणसाला पहिली ओळ काय लिहायची? नुसताच पास पाठवला. वेग, चाक, धूळ यातलं त्यांच्याइतकं कळणारं आमच्याकडे कोणी नव्हतं. वाटलं, ते येतीलच. मी पासाला भोक पाडीन, त्यांना हाताला धरून दोरीपाशी चांगल्या जागी नेईन, आणि मग काहीतरी बोलणं होईलच. आदल्या आठवड्यात मी रोज हेच मनात घोळवत होतो. शर्यतीशी मला काडीचं घेणं नव्हतं.

शर्यतीच्या सकाळी नऊच्या सुमाराला लोक येऊ लागले. कापसाची वेचणी संपलेली होती, वावरात नुसत्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, म्हणून सगळ्यांना सवड. धुतलेली धोतरं, बायकांच्या अंगावर लग्नातली लुगडी, डब्यात भाकरी. पुढे एक म्हातारे पाटील होते, पलीकडच्या गावचे, मला लहानपणापासून ओळखणारे.

"पास?" मी म्हटलं.

"घरी हाय. देवापाशी."

"अहो पाटील, तो सोबत आणायचा असतो."

पाटील मागच्यांकडे वळले आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाबू, लग्नाले जाताना पत्रिका घिऊन जाते काय कोणी?"

मागे सगळे हसले. मी एकेकाला विचारत गेलो. सगळ्यांचं एकच. दवंडीवाल्यानं आवतन म्हणून सांगितलं होतं, आणि आवतन म्हटल्यावर त्यानं आपल्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक पासावर कुंकवाचं बोट टेकवलं होतं. कुंकू लागलेला कागद आमच्याकडे कोणी खिशात घालून फिरत नाही. तो देव्हाऱ्यात जातो आणि कार्य पार पडेपर्यंत तिथेच राहतो. सगळ्या गावांनी मिळून पासांची पूजा केली होती आणि हात हलवत आले होते. ते चुकले असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार? आवतन हा शब्द माझाच.

एक बाई म्हणाली, "घरी माणूस धाडून बोलवता, अन् आता उंबऱ्यावर इचारता का चिठ्ठी दाखव म्हून. हे कोनतं आवतन बाप्पा?"

तेवढ्यात फौजी साहेबाची जीप आली. मी त्याला कसंबसं हिंदीत सांगितलं. तो रागावला नाही. शांतपणे म्हणाला, "पास नहीं तो अंदर नहीं. कल को कोई गाड़ी के नीचे आ गया तो जवाब कौन देगा?" त्याचं काही चूक नव्हतं. पण माझ्याजवळ यादी होती. गाववार नावं, माझ्याच अक्षरात. त्यातली निम्मी माणसं मी तोंडानं ओळखत होतो. यादी पुढे करून म्हणता आलं असतं, साहेब, हे नाव आणि हा माणूस, मी जामीन. यादी माझ्या काखेत होती आणि मी ती काखेतच ठेवली. हुकमात पास म्हटलं होतं, यादी म्हटलं नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ अशी गत होती, आणि चावा मीच घेतला.

"पास असेल त्यानंच यावं," मी मोठ्यानं म्हणालो.

पाटील भांडले नाहीत. "चला बाप्पा," एवढंच म्हणाले आणि माघारी वळले. त्यांच्यामागे सगळे. काही जण घरी गेले, काही दूरच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, जाऊन बसले. तिथून धुळीशिवाय काही दिसणार नव्हतं. माझ्यामागे दोरीपाशी शहरातून आलेले लोक पांगून उभे होते आणि अर्धी जागा मोकळी होती.

मी बाबांची वाट बघत होतो. पास नसलेल्या माणसांत ते नसणार, असं मला का वाटत होतं कोण जाणे. सारखं गावाकडून येणाऱ्या पायवाटेकडे बघायचो. लांबून पांढरं धोतर आलं की मी चिमटा सावरून धरायचो आणि जवळ आलं की दुसरंच कोणी निघायचं. दुपारी मोटारी सुरू झाल्या. एकदा साहेब माझ्याजवळ येऊन उभा राहिला, दुर्बीण वाटेच्या पलीकडे लावली आणि हसून म्हणाला, "वो देखो. पूरे मैदान में एक वही बुड्ढा सही जगह खड़ा है." मी वळून पाहिलं. वाटेपलीकडे दोन वावरं सोडून एक बाभूळ होती, पुढच्या वळणाच्या बरोबर आतल्या अंगाला, आणि तिच्याखाली कोणीतरी एकटं उभं होतं. ऊन डोळ्यांवर येत होतं. मी हं म्हटलं आणि पुन्हा पायवाटेकडे तोंड केलं. न जाणो, तेवढ्यात बाबा यायचे.

ते आले नाहीत. दिवस मावळायला आला, दोऱ्या सोडल्या, जीपा निघून गेल्या. बिल्ला कोणीतरी मागून घेतला, चिमटा घ्यायचं विसरले. धुळीनं भरलेला मी एकटाच सडकेपर्यंत चालत आलो. पाटलांना परत पाठवल्याची लाज होती, पण त्याहून जास्त बाबांचा राग होता. वाटलं, मी एक पाऊल टाकलं तर यांनी अर्धंही टाकू नये? खोलीवर आलो आणि न जेवता पडून राहिलो. आयुष्यात इतकं एकटं मला क्वचितच वाटलं असेल.

त्यानंतर मी गावाला गेलो नाही. होळी गेली, अखाजी गेली. रविवारी बसस्टँडवर जाणंही सोडलं, कारण तिथे पाटलांच्या गावची माणसं भेटली असती. आईचे निरोप यायचे, मी कामाचं कारण सांगायचो. चिमटा परत करायला मी त्या मोटारवाल्यांना दोन पत्रं लिहिली, नियमच तसा. उत्तर आलं नाही. चिमटा पिशवीच्या तळाशी पडून राहिला.

शेवटी पोळ्याच्या आदल्या दिवशी गेलो. आईनं निरोपात एवढंच कळवलं होतं, "पोळ्याले तरी ये." पण आमच्या कचेरीला पोळ्याची सुट्टी नसते आणि मी रजा टाकली नव्हती. दुपारी जायचं, आईला भेटायचं, संध्याकाळच्या बसनं परत, असं ठरवून गेलो.

हातपाय धुऊन देवाला नमस्कार करायला वाकलो तर देव्हाऱ्यात, टाकांच्या मागे, पिवळा पास. त्यावर कुंकवाचं बोट होतं आणि कुंकू ताजं होतं.

"हे अजून ठेवलं इथं?" मी आईला विचारलं. "बाबा तं आलेच नाई."

आई चुलीकडून म्हणाली, "आलेच नाई कसे? कोंबड्यानं बांग द्याच्या आंधी गेलते पायी. दरवाज्यापासी गर्दी दिसली, तू पाटलाले वापस धाडून राह्यलता. मंग फिरून पलीकडे गेले, बाभळीखाली. दिवसभर उभे होते. घरी येऊन सांगे, पोरगा लय कडक हाय, पाटलाले बी सोडलं नाई म्हणे."

मी तसाच मागच्या दारी गेलो. बाबा गोठ्यात बैलांचे खांदे चोळत होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी तूप-हळदीनं खांदे शेकायचे असतात, ते चाललं होतं. मी जाऊन उभा राहिलो. त्यांनी पाहिलं, पण आई तिथे नव्हती, म्हणून बोलले नाहीत.

"बाबा, दरवाज्यावर काऊन नाई आले?"

त्यांनी पळसाच्या पानानं तूप घेतलं आणि बैलाला म्हणाले, "सांग त्याले. माह्यापासी पास नव्हता, देवापासी होता. मी दरवाज्यात उभा राह्यलो असतो तं यानं काय केलं असतं? सोडलं असतं तं याच्या नवकरीले बट्टा. नसतं सोडलं..." ते खांदा चोळत राहिले.

काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "मोटारी तरी दिसल्या का?"

"त्याले म्हणा, धूळ दिसली," बाबा बैलाला म्हणाले. "अन् याची पाठ दिसली. एकडाव यानं वळून पाह्यलं, सीधं माह्याकडे. मले वाटलं, वळखलं."

मी घरात गेलो. देव्हाऱ्यातला पास घेतला, पिशवीतून चिमटा काढला आणि पुन्हा गोठ्यात आलो. आता हे आठवलं की स्वतःचाच वैताग येतो, पण मला त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही. आत घेतो म्हणायची एवढी एकच रीत मला येत होती. मी पास चिमट्यात धरला.

बाबांनी तूप लागलेला हात पुढे केला आणि माझं मनगट धरलं. बैलाकडे न बघता, माझ्याकडे बघून म्हणाले, "राहू दे. आवतनाले भोक पाडते काय कोणी?"

साडेतीन वर्षांत ते थेट माझ्याशी बोलले असं हे पहिलंच वाक्य. त्यांनी माझ्या हातातून पास घेतला, धोतराला पुसला आणि वर भिंतीतल्या दिवळीत ठेवला. मग पुन्हा बैलांकडे वळले. एकेकाच्या खांद्यावर हात ठेवून दरवर्षी म्हणतात तसं म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." एका बैलाला म्हणाले, दुसऱ्याला म्हणाले. मग पान हातातच धरून ते जरा थांबले, आणि तेच तिसऱ्यांदा म्हणाले. गोठ्यात बैल दोनच होते.

सडकेवर संध्याकाळच्या बसचा भोंगा वाजला. रजा टाकलेली नव्हती. मी एक दिवस थांबलो.